वरणगावचा पगार, मुंबईचे युनिट : भारतीय म्युच्युअल फंडांच्या स्पर्धेचा इतिहास

१/
१९६४ साल. चीनबरोबरच्या युद्धाची जखम अजून ओली होती. संरक्षण उत्पादन वाढवण्याच्या धोरणातून जळगाव जिल्ह्यातल्या भुसावळ तालुक्यात, वरणगाव येथे, काडतुसे बनवणारी आयुध निर्माणी उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया, म्हणजेच यूटीआय, ही संस्था कामाला लागली. दोहोंचा एकमेकींशी वरवर काही संबंध नाही. पण एकीने कापूस-केळीच्या खानदेशात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आणला, आणि दुसरी अशाच पगारातून उरणारा पैसा भांडवल बाजाराकडे वळवण्यासाठी जन्मली होती.

२/
या दोन टोकांमधल्या अंतराचा हा इतिहास आहे. मुंबईतला निधी-उद्योग स्पर्धेत टिकावा, वाढावा, म्हणून सरकारने सहा दशकांत अनेकदा नियम बदलले. कधी एकाच संस्थेला सवलती दिल्या, कधी दारे उघडली, कधी दलाली बंद केली, तर कधी नव्या रूपात परत आणली. प्रत्येक वेळी एक प्रश्न मात्र कायम राहिला. स्पर्धा कोणाच्या भल्यासाठी, आणि तिचा खर्च कोणी सोसायचा?

३/
आधी मूळ कल्पना. शंभर माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र करायचे, जाणकाराने ते अनेक कंपन्यांच्या शेअर्स-रोख्यांत विभागून गुंतवायचे, आणि नफा-तोटा प्रत्येकाने आपल्या हिश्श्याप्रमाणे घ्यायचा. त्या हिश्श्याचे नाव ‘युनिट’. लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झालेला ‘फॉरेन अँड कलोनियल गव्हर्न्मेंट ट्रस्ट’ हा या जातीचा एक आद्य निधी. बॉस्टनमध्ये १९२४ साली ‘मॅसॅच्युसेट्स इन्व्हेस्टर्स ट्रस्ट’ निघाला. त्यात गुंतवणूकदाराला आपला हिस्सा निधीलाच परत विकता येई. आजच्या म्युच्युअल फंडाचा साचा तिथला.

४/
भारतात हे काम खासगी हातांवर सोपवायला सरकार तयार नव्हते. डिसेंबर १९६३ मध्ये संसदेने युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया कायदा केला. तेव्हा अर्थमंत्रिपदी टी. टी. कृष्णम्माचारी होते. सुरुवातीचे भांडवल ५ कोटी रुपये. त्यातला निम्मा वाटा रिझर्व्ह बँकेचा, उरलेला आयुर्विमा महामंडळ, स्टेट बँक आणि इतर बँका व वित्तसंस्थांचा. आर. एस. भट हे पहिले अध्यक्ष. १९६४ च्या जुलैत ‘युनिट स्कीम ६४’ विक्रीला आली. पुढे घरोघरी ती ‘यूएस-६४’ या नावाने ओळखली गेली. एका युनिटचे दर्शनी मूल्य १० रुपये.

५/
त्या काळी या योजनेची स्पर्धा दुसऱ्या निधीशी नव्हती, कारण दुसरा निधीच नव्हता. तिची स्पर्धा होती सोन्याशी, टपाल बचतीशी, बँकेच्या मुदत ठेवीशी आणि विम्याशी. जळगावचे सोने आजही दूरवर नावाजले जाते. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, दीपनगरच्या औष्णिक केंद्रातले कामगार, वरणगावच्या निर्माणीतले कारागीर यांच्यासाठी बचत म्हणजे आधी पोस्ट, मग विमा, मग तोळाभर सोने. अशा घराला ‘शेअर बाजार’ हा शब्द जुगाराच्या जवळचा वाटे.

६/
ही भीती घालवण्यासाठी सरकारने यूटीआयला वेगळे स्थान दिले. संस्थेच्या उत्पन्नाला तिच्या कायद्यानेच आयकरातून मुक्त ठेवले. युनिटधारकाच्या उत्पन्नालाही पुढे आयकर कायद्याच्या ८०-एल कलमाखाली सवलत मिळाली. संस्थेची पालक होती रिझर्व्ह बँक. १९७८ मध्ये ती जागा औद्योगिक विकास बँकेने, म्हणजे आयडीबीआयने घेतली. कायद्यात कुठेही परताव्याची सरकारी हमी नव्हती. पण संसदेने स्थापलेली, रिझर्व्ह बँकेच्या मांडीवर वाढलेली संस्था बुडेल, असे कोणाच्या मनातही येत नव्हते. न लिहिलेली हमी लिहिलेल्या हमीपेक्षा अधिक खोल रुजली होती.

७/
तेवीस वर्षे ही मक्तेदारी टिकली. यूटीआयने या काळात नवे प्रयोगही केले. १९७१ मध्ये विम्याशी जोडलेली योजना आणली, १९८६ मध्ये शेअर्समध्ये गुंतवणूक करणारी ‘मास्टरशेअर’ आणली. त्याच वर्षी परदेशी गुंतवणूकदारांसाठी ‘इंडिया फंड’ काढून तो लंडनच्या शेअर बाजारात नोंदवला. १९८८ अखेरीस संस्थेकडची मालमत्ता सुमारे ६,७०० कोटी रुपयांवर गेली होती. मुंबईतल्या एका छताखाली देशाची एवढी बचत जमा झाली, आणि सामान्य बचतदाराला तुलना करायला दुसरा भाव उपलब्ध नव्हता.

८/
नेमक्या याच सुमारास युरोपात उलटी हालचाल सुरू होती. १९८५ मध्ये युरोपीय समुदायाने निधींसाठी समान नियम ठरवले. एका देशात मान्यता मिळालेला निधी ठरावीक अटींवर दुसऱ्या देशातही विकता येऊ लागला. १९८८ मध्ये हे नियम आपल्या कायद्यात सर्वप्रथम उतरवले ते चिमुकल्या लक्झेंबर्गने. जिल्ह्याएवढा देश केवळ कायदा लवकर आणि नीट केल्यामुळे जगातल्या प्रमुख निधी-केंद्रांत गणला जाऊ लागला. उद्योगाला स्पर्धेत उतरवण्याचे साधन अनुदानच असावे लागते असे नाही. कायद्याचा मसुदाही ते काम करतो, हे तिथे दिसले.

९/
भारताने दार उघडले ते पायरीपायरीने. १९८७ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांना मुभा मिळाली. त्या वर्षी जूनमध्ये स्टेट बँकेचा आणि डिसेंबरमध्ये कॅनरा बँकेचा फंड आला. १९८९ मध्ये आयुर्विमा महामंडळ, पंजाब नॅशनल बँक आणि इंडियन बँक यांचे फंड निघाले. खेळाडू वाढले खरे, पण सगळे एकाच मालकाचे. शिवाय गिऱ्हाईक ओढण्यासाठी काही योजनांनी ठरावीक परताव्याचे वचन दिले. बाजार वर असेतो ते वचन स्वस्त होते. बाजार उतरल्यावर त्याची किंमत प्रवर्तक बँकांना आपल्या खिशातून मोजावी लागली.

१०/
१९९२ मध्ये सेबीला कायद्याचे अधिकार मिळाले. १९९३ मध्ये म्युच्युअल फंडांचे पहिले नियम आले आणि खासगी क्षेत्राला प्रवेश मिळाला. त्या जुलैत नोंदणी झालेला ‘कोठारी पायोनियर’ हा पहिला खासगी फंड. १९९४ च्या जानेवारीत ‘मॉर्गन स्टॅन्ली ग्रोथ फंड’ बाजारात आला, तेव्हा अर्जांसाठी रांगा लागल्या. नव्या शेअरचा अर्ज भरावा तसे लोक निधीचे युनिट मागत होते, जणू वाटप झाले की भाव दुप्पट होणार. पुढे ते युनिट बरीच वर्षे बाजारात दर्शनी किमतीखाली रेंगाळले. स्पर्धा आली होती. समज यायची होती.

११/
१९९६ मध्ये सेबीने नियम नव्याने लिहिले. प्रवर्तक वेगळा, विश्वस्त वेगळे, पैसा गुंतवणारी कंपनी वेगळी, रोखे सांभाळणारी संस्था वेगळी, अशी विभागणी पक्की झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, योजनेकडे असलेल्या मालमत्तेचे बाजारभावाने मूल्य काढून, देणी वजा करून, प्रत्येक युनिटची खरी किंमत जाहीर करणे बंधनकारक झाले. हेच निव्वळ मालमत्ता मूल्य, व्यवहारात ‘एनएव्ही’. आता वरणगावच्या बचतदारालाही वर्तमानपत्रात दोन फंडांचे आकडे शेजारी ठेवून पाहता येत होते.

१२/
या चौकटीबाहेर राहिली ती नेमकी सर्वांत मोठी योजना. यूटीआय आपल्या स्वतंत्र कायद्याखाली चालत होती. तिने १९९४ नंतरच्या योजना सेबीच्या देखरेखीखाली आणल्या, पण यूएस-६४ तशी आली नाही. तिची खरेदी-विक्रीची किंमत एनएव्हीवर ठरत नसे. ती संस्था स्वतः ठरवी. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय इथे धोरण म्हणून वावरत होता. नव्वदीच्या पूर्वार्धात योजनेने २६ टक्क्यांपर्यंत लाभांश वाटला. त्या आकड्यामागे किती मालमत्ता शिल्लक आहे, हे युनिटधारकाला कळण्याचा मार्ग नव्हता.

१३/
पहिला हादरा १९९८ मध्ये बसला. यूएस-६४ ची गंगाजळी उणे झाल्याचे उघड झाले. दीपक पारेख समिती नेमली गेली. सरकारने सार्वजनिक कंपन्यांचे शेअर्स यूएस-६४ कडून एका खास योजनेत घेऊन सुमारे ३,३०० कोटी रुपयांचा आधार दिला. १९९९ च्या अर्थसंकल्पात फंडांचे उत्पन्न गुंतवणूकदाराच्या हातात करमुक्त झाले. किंमत एनएव्हीशी जोडण्याची दिशाही समितीने दाखवली होती. पण बाजार पुन्हा चढू लागला, निकड ओसरली, आणि सर्वांत कडू औषध कपाटातच राहिले.

१४/
२००१ च्या वसंतात बाजार कोसळला. त्या एप्रिल-मे महिन्यांत यूएस-६४ मधून चार हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम बाहेर पडली, आणि तिच्यात मोठा वाटा कंपन्यांचा होता. ज्यांना आतली गणिते समजत होती, ते संस्थेने ठरवलेल्या चढ्या भावाने बाहेर पडले. २ जुलै २००१ रोजी यूटीआयने योजनेची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली. सुमारे दोन कोटी खाती अडकली. युनिटमागची खरी मालमत्ता १० रुपयांच्या दर्शनी मूल्याइतकीही उरलेली नव्हती.

१५/
इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. सगळ्यांना एकच भाव मिळत होता, मग अन्याय कोणावर झाला? भाव एक असला तरी माहिती एक नव्हती. खऱ्या मूल्यापेक्षा जास्त भावाने बाहेर पडणारा प्रत्येक जण मागे राहिलेल्यांच्या वाट्यातून थोडे उचलून नेत होता. एनएव्ही जाहीर असती, तर भाव रोज खाली आला असता आणि तोटा सर्वांमध्ये सारखा वाटला गेला असता. छोट्या माणसाला धक्क्यापासून वाचवण्यासाठी झाकून ठेवलेला आकडा शेवटी त्याच्याच मुळावर आला.

१६/
पुढचे दीड वर्ष सरकार पडझड सावरत होते. ऑगस्ट २००१ पासून छोट्या युनिटधारकांना ३,००० युनिटांपर्यंत १० रुपयांपासून दरमहा १० पैशांनी वाढणाऱ्या भावाने बाहेर पडण्याची सोय दिली गेली. ऑक्टोबर २००२ मध्ये अध्यादेश काढून १९६३ चा कायदा रद्द करण्यात आला. फेब्रुवारी २००३ मध्ये यूटीआय दुभंगली. यूएस-६४ आणि हमीच्या योजना सरकारच्या देखरेखीखालील ‘विशिष्ट उपक्रमा’कडे गेल्या. उरलेल्या योजनांचा ‘यूटीआय म्युच्युअल फंड’ झाला; त्याचे प्रवर्तक स्टेट बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा आणि आयुर्विमा महामंडळ. तो इतरांसारखाच सेबीच्या नियमांखाली आला.

१७/
यूएस-६४ च्या युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाचे करमुक्त रोखे देण्यात आले; ते २००८ मध्ये फेडले गेले. न लिहिलेली हमी अखेर सरकारी तिजोरीने पाळली. म्हणजे ज्यांनी आयुष्यात एकही युनिट घेतले नव्हते, त्यांच्याही कराचा त्यात वाटा होता. जानेवारी २००३ अखेर देशात ३३ म्युच्युअल फंड आणि १,२१,८०५ कोटी रुपयांची मालमत्ता होती. त्यातले ४४,५४१ कोटी अजूनही यूटीआयकडे होते. दुधाने तोंड पोळलेले मात्र हजारो गावांत पसरले होते, आणि ते ताकही फुंकून पिणार होते.

१८/
आता मैदान सपाट झाले. पुढचा वाद वेगळा होता : विकणाऱ्याला मोबदला कोण देणार? बहुतेक शेअर-योजनांत गुंतवणूकदाराच्या रकमेतून सुरुवातीलाच सुमारे २.२५ टक्के कापले जात. १०,००० रुपये दिले, तर २२५ रुपये प्रवेशशुल्कात जात आणि ९,७७५ गुंतत. ते २२५ रुपये मुख्यतः वितरकाला मिळत. त्यामुळे जुनी योजना सोडायला लावून नवी घ्यायला लावण्यात वितरकाचा फायदा होता. गिऱ्हाईक एकच, कमिशन दोनदा.

१९/
१ ऑगस्ट २००९ पासून सेबीने प्रवेशशुल्क पूर्ण बंद केले. तेव्हा अध्यक्ष होते चंद्रशेखर भावे. विचार सरळ होता : सल्ला हवा असेल, तर गुंतवणूकदाराने सल्लागाराशी ठरवून वेगळा मोबदला द्यावा. तत्त्व म्हणून याला खोट काढणे कठीण. पण ज्या गावात सल्ल्यासाठी वेगळा धनादेश लिहिण्याची रीत नाही, तिथे याचा अर्थ विक्रेत्याची कमाई आटणे असा झाला. लहान रकमेच्या चार अर्जांसाठी भुसावळहून वरणगावला फेरी मारणे परवडेनासे झाले, तर तो माणूस दुसरे काहीतरी विकणार हे उघड होते.

२०/
ते दुसरे काहीतरी जवळच होते. शेअर बाजाराशी जोडलेल्या विमा योजना, म्हणजे युलिप, जवळपास तेच काम करत. पण त्या विमा नियामकाच्या अखत्यारीत होत्या आणि त्यांवरचे कमिशन कितीतरी जास्त होते. एप्रिल २०१० मध्ये सेबीने १४ विमा कंपन्यांना अशा योजनांपासून रोखण्याचा आदेश दिला. दोन नियामकांची जुंपली. जूनमध्ये सरकारने अध्यादेश काढून युलिप विमा नियामकाकडेच असल्याचे स्पष्ट केले. त्या सप्टेंबरपासून युलिपच्या खर्चावरही मर्यादा आल्या. धडा मात्र लक्षात राहण्याजोगा होता. एका दुकानातली दलाली कमी केली आणि शेजारच्या दुकानातली तशीच ठेवली, तर विक्रेता दुकान बदलतो. सवय बदलत नाही.

२१/
या काळात जळगाव जिल्ह्यातल्या ठेवीदारांपुढे आणखी एक मोह होता : जादा व्याज देणाऱ्या पतसंस्था. त्यांतल्या अनेक पुढे अडचणीत आल्या आणि निवृत्तीचे, लग्नाचे, औषधपाण्याचे पैसे वर्षानुवर्षे अडकून पडले. म्युच्युअल फंडातही तोटा होतो. पण तिथे तोट्याचा आकडा रोज दिसतो आणि पैसा काढून घेता येतो. नियमाखालचा विक्रेता गावात पोहोचतो की नाही, हा प्रश्न म्हणूनच केवळ उद्योगाच्या नफ्याचा नव्हता.

२२/
२०१२ मध्ये सेबीने पुन्हा डाव मांडला. अध्यक्ष होते यू. के. सिन्हा, पूर्वी यूटीआयच्या मालमत्ता व्यवस्थापन कंपनीचे प्रमुख. नव्या नियमाने पहिल्या १५ शहरांपलीकडून पुरेसा नवा पैसा आणणाऱ्या योजनेला वर्षाला ०.३० टक्क्यापर्यंत जादा खर्च आकारण्याची मुभा मिळाली. पैसा वर्षाच्या आत परत गेला, तर ती रक्कम योजनेला माघारी द्यायची. जळगाव, धुळे आणि अर्थात वरणगाव हे सारे ‘पलीकडे’च होते. निवृत्त शासकीय कर्मचारी, निवृत्त शिक्षक, निवृत्त बँक अधिकारी आणि टपाल एजंट यांना सोपी परीक्षा देऊन वितरक होण्याचा मार्गही खुला झाला. निर्माणीतून निवृत्त झालेला माणूस आता आपल्याच वसाहतीत फंड विकू शकत होता.

२३/
हा जादा खर्च कोण भरत होता? तो साऱ्या योजनेवर आकारला जाई, म्हणजे मुंबईतल्या युनिटधारकाच्या १०,००० रुपयांतूनही वर्षाला ३० रुपयांपर्यंत जाणार. शहराने गावाची वाट बांधून द्यायची, असा तो सौदा. त्याच वेळी दुसरी वाटही निघाली. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेत ‘डायरेक्ट प्लॅन’ आला. वितरक टाळून थेट येणाऱ्याला कमी खर्च आणि वेगळी एनएव्ही. ज्याला सल्लागार नको, त्याने सल्लागाराचे पैसे भरू नयेत. एकाच वर्षीच्या धोरणाने विक्रेत्याला गावाकडे ढकलले आणि जाणत्या गिऱ्हाइकाला त्याच्यापासून मोकळे केले.

२४/
उद्योग वाढला यात शंका नाही. मे २०१४ मध्ये एकूण मालमत्तेने १० लाख कोटी रुपये ओलांडले, ऑगस्ट २०१७ मध्ये २० लाख कोटी आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ३० लाख कोटी. योजना फुगल्या तशा त्यांच्या खर्चाची बचत गुंतवणूकदाराला का मिळू नये, असा प्रश्न आला. २०१८ मध्ये सेबीने वितरकांचे आगाऊ कमिशन थांबवले आणि एप्रिल २०१९ पासून खर्चाच्या मर्यादा उतरत्या श्रेणीत बसवल्या. शेअर-योजनेला पहिल्या ५०० कोटींवर कमाल २.२५ टक्के, तर ५०,००० कोटींपलीकडच्या रकमेवर १.०५ टक्के. मोठ्या असण्याचा फायदा कंपनीने एकटीने खायचा नाही, असा हा नियम.

२५/
गावासाठीची सवलतही बदलत गेली. २०१८ मध्ये १५ शहरांची सीमा ३० वर नेली गेली. नंतर सवलत केवळ वैयक्तिक छोट्या गुंतवणूकदारांच्या पैशापुरती उरली. मार्च २०२३ पासून ती स्थगित झाली. तिच्या आकारणीत एकवाक्यता नव्हती आणि गैरवापराच्या तक्रारी होत्या. वर्षभर पैसा ठेवला की प्रोत्साहन पक्के होते. तर वर्षानंतर तोच पैसा फिरवून ‘नवा’ दाखवण्याचा मोह कोणाला ना कोणाला होणारच. १९६४ ची सवलत न दाखवलेल्या किमतीमुळे बिघडली होती, २०१२ ची मोजण्याच्या पद्धतीमुळे. दोन्ही ठिकाणी हेतू छोट्या बचतदारापर्यंत पोहोचण्याचाच होता.

२६/
वरणगावच्या निर्माणीत दरम्यान आणखी एक बदल झाला, आणि तो कोणी वितरकाने आणला नाही. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या मुलकी सेवेत नव्याने लागणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन बंद होऊन नवी अंशदायी पेन्शन व्यवस्था लागू झाली. आयुध निर्माणींतले मुलकी कर्मचारीही त्यात आले. पगारातून दरमहा कपात, सरकारचा वाटा, आणि ती रक्कम पेन्शन निधींकडे. सरकारी कर्मचाऱ्यांसाठी निवडलेले पहिले तीन व्यवस्थापक स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि यूटीआय यांच्या घरातले. २००१ मध्ये दार बंद करावे लागलेल्या संस्थेचे नाव असे पगारपत्रकातून पुन्हा गावात पोहोचले.

२७/
इथे व्यवस्थापन शुल्क म्युच्युअल फंडांच्या तुलनेत अगदी नगण्य आहे, कारण विकायलाच कोणी लागत नाही. गिऱ्हाईक नोकरीबरोबरच येते आणि सुरुवातीला व्यवस्थापकांना कमी दराची बोली लावावी लागली. स्वस्ताई आहे, निवड मर्यादित आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात निर्माणी ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीकडे गेली, तरी हा प्रवाह चालू राहिला.

२८/
थोडक्यात, सहा दशकांत धोरणाने तीन उपाय करून पाहिले. एकाच संस्थेला अभय द्या. अनेकांना लढू द्या आणि विक्रेत्याला पैसे देऊन गावात पाठवा. किंवा विक्रेताच काढून टाका आणि कपात सक्तीची करा. पहिल्याची किंमत करदात्याने मोजली, दुसऱ्याची शहरातल्या युनिटधारकाने, तिसऱ्याची निवडीचे स्वातंत्र्य कमी झालेल्या नोकरदाराने. ‘उद्योग स्पर्धात्मक ठेवण्यासाठी’ असे शब्द यापुढे कोणत्याही अर्थसंकल्पात किंवा परिपत्रकात दिसले, की इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोनच गोष्टी शोधाव्यात : रोजचा खरा भाव कोणाला दिसणार आहे, आणि वरणगावपर्यंतच्या फेरीचे भाडे कोणाच्या खात्यातून जाणार आहे.